जंगलात घंटी वाजवत जा

राजूरचं नाव निघालं की वणी भागातला माणूस आधी कोळशाचं बोलतो, मग चुन्याचं. गावाला ‘राजूर कॉलरी’ हेच नाव चिकटलेलं. जमिनीखाली कोळसा, वर चुनखडी भाजणाऱ्या भट्ट्या आणि रस्त्यावर ट्रकांनी उडवलेली धूळ. जंगलात सायकल चालवायला इथे यावं, असं चटकन कुणाच्या मनात येणार नाही. पण डांबर सोडून एखाद्या पांदणीला लागा. दोन्ही बाजूंना कपाशी, धुऱ्यावर बोरी-बाभळी, पुढे पळस, मग साग आणि मध्येच एखादा कोरडा नाला. माउंटन बाइकवाल्याला हवं ते सगळं इथे आहे: चढ फार मोठे नाहीत, मुरूम आहे, गोटे आहेत, बंडीच्या चाकोऱ्या आहेत. विदर्भातल्या शहरांतही गिअरच्या सायकली घेऊन रविवारी पहाटे निघणारे गट आता नवलाचे राहिलेले नाहीत. डांबरी रस्त्यावर मन भरलं की त्यांची नजर अशा वाटांकडे वळते. ती वळायलाच हवी, पण या मुलखात सायकलीचा सर्वांत मोठा गुण हाच तिचा सर्वांत मोठा धोका आहे. तो गुण म्हणजे तिचा आवाज होत नाही.

त्याआधी ही सायकल वेगळी कशी, ते पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या भंगारवजा सायकली डोंगरावर न्यायचे आणि मातीच्या वाटेनं खाली सोडायचे. पेडल उलटं फिरवून लागणारे ब्रेक उतारावर इतके तापत की हबमधलं ग्रीस जळून जाई. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे, म्हणून त्या उताराचं नावच ‘रिपॅक’ पडलं. १९७६ साली तिथे पहिली शर्यत झाली. पुढच्याच वर्षी जो ब्रीझनं अशा वाटांसाठी मुद्दाम सांगाडा तयार केला आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोहोचलासुद्धा. सांगायचं इतकंच, की हा खेळ जन्मला तो उतारावर वेगात सुटण्याच्या हौसेतून. ती हौस सायकलीबरोबरच आपल्याकडे आली.

आपल्याकडे दूधवाल्यानं, पोस्टमननं आणि खाणीवर पाळीला जाणाऱ्या मजुरानं साध्या काळ्या सायकलीवर याहून वाईट रस्ते काढलेत, हे खरं. तरी फरक आहे. साध्या सायकलीचं टायर अरुंद असतं आणि त्यात हवा ठासून भरतात. माउंटन बाइकचं टायर सव्वादोन इंचांच्या आसपास रुंद आणि हवा त्याच्या निम्मी. अंगठ्यानं दाबलं तर किंचित दबलं पाहिजे. कमी हवेचं टायर गोट्यावर आपटून उडत नाही, त्याला थोडं कवेत घेतं आणि जमीन धरून राहतं. पुढच्या काट्यात, म्हणजे फोर्कमध्ये, झटके पिणारी स्प्रिंग किंवा हवेची नळी असते, ब्रेक डिस्कचे असतात. पण यंत्रापेक्षा बसण्याची पद्धत महत्त्वाची. खडबडीत उतारावर सीटवर बसायचंच नाही. दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून उभं राहायचं, गुडघे-कोपरं सैल ठेवायची, वजन किंचित मागे घ्यायचं. नजर चाकासमोरच्या दगडावर न ठेवता आठ-दहा हात पुढे ठेवायची. डोळा ज्या दगडावर खिळतो, चाक नेमकं त्याच दगडावर जातं. ज्याला पटत नाही त्यानं करून बघावं.

आता पुन्हा आवाजाकडे येऊ.

जंगलातल्या वाटेनं बंडी जाते तेव्हा बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजतात, चाक करकरतं, हाकणारा ओरडतो. मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया एकमेकींशी मोठ्यानं बोलत जातात, गुराखी हाळी देतो. जनावराला त्यामुळे लांबूनच कळतं की माणूस येतोय, आणि बहुतेक वेळा ते बाजूला होतं. पायी चालणारा गुपचूप असला तरी सावकाश येतो. मोटारसायकल वेगात येते, पण आवाज करत येते. शांतपणे आणि वेगानं येणारी एकच गोष्ट, ती म्हणजे सायकल. वळणावर जनावर आणि सायकलस्वार एकमेकांना दिसतात तेव्हा दोघांनाही विचार करायला वेळ उरलेला नसतो.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेत ग्लेशियर नॅशनल पार्कच्या हद्दीजवळ २९ जून २०१६ रोजी वनखात्याचाच एक अनुभवी अधिकारी माउंटन बाइकवरून वळण घेताना सरळ एका ग्रिझली अस्वलावर आदळला आणि अस्वलानं त्याला मारलं. चौकशी मंडळाच्या अंदाजानुसार त्याचा वेग ताशी ३०-४० किलोमीटर होता आणि अस्वल दिसल्यापासून धडकेपर्यंत एक-दोन सेकंदच मिळाली. वेग, शांतता आणि झाडीमुळे पुढचं न दिसणं ही अपघाताची कारणं. या माणसाला जंगल नवं नव्हतं, तो त्याच भागात वाढला होता.

आपल्याकडे ग्रिझली नाही, पण आपलं अस्वलही दचकलं की आधी अंगावर येतं आणि मग विचार करतं. रानडुकराचंही तेच. रोही, म्हणजे नीलगाय, अंगावर येत नाही, पण घाबरून रस्ता ओलांडताना आडवं आलं तर एवढ्या मोठ्या जनावरापुढे हेल्मेटचा उपयोग बेताचाच. आणि वाघ.

यवतमाळ जिल्ह्यात वाघ म्हटलं की पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य आठवतं. क्षेत्रफळ दीडशे चौरस किलोमीटरच्या आत, म्हणजे वाढत्या वाघांना अपुरंच. तरुण नर बाहेर पडतो आणि आपला मुलूख शोधत फिरतो. टिपेश्वरात जन्मलेल्या, गळ्यात रेडिओ कॉलर बांधलेल्या अशा एका वाघानं २०१९मध्ये तेलंगणाची हद्द ओलांडत, मराठवाड्याच्या कडेनं थेट बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य गाठलं. तिथे स्थिरावेपर्यंतचा त्याचा वळणावळणाचा सगळा प्रवास सुमारे तीन हजार किलोमीटरचा भरला. तो गेला कुठून? शेतांमधून, नाल्यांच्या कडेनं, रस्ते ओलांडून. आपण ज्यांना ‘जंगलाबाहेरचं’ म्हणतो अशाच जागांमधून.

वणी तालुका तर टिपेश्वर आणि वर्धा नदीपलीकडचं चंद्रपूर यांच्या मध्येच येतो. त्यात उघड्या खाणींतून काढलेल्या माती-दगडाचे डोंगर, त्यांवर माजलेली विलायती बाभूळ, खड्ड्यांत साचलेलं पाणी. रानडुकरांना ही जागा भारी सोयीची आणि जिथे रानडुक्कर तिथे वाघ. अलीकडच्या वर्षांत वणीच्या खाणपट्ट्यात वाघाचे हल्ले झाले, माणसं दगावली. त्याआधी राळेगाव-पांढरकवडा भागात ‘टी-१’ ऊर्फ अवनी वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका आला आणि २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घालण्यात आली. तिला मारणं योग्य होतं का, हा वाद मोठा आहे आणि इथे त्यात शिरत नाही. त्या काळात लोकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जात होती: एकट्यानं जाऊ नका, गटानं जा, आवाज करत जा.

सायकलवाल्यांनी नेमकी हीच गोष्ट उचलायला हवी. गट असून उपयोग नाही, गट एकत्र असायला हवा. बहुतेक गटांचं काय होतं? दोन तगडे गडी पुढे सुसाट, मधले मधे, आणि मागे कुणीतरी एकटा धापा टाकत. कागदावर दहा जण, जंगलात दहा एकटे. हे टाळायचं तर पुढे वाट माहीत असलेला एक आणि सर्वांत मागे एक अनुभवी हवा, ज्यानं कुणालाच आपल्या मागे राहू द्यायचं नाही. फाटा आला की पुढच्यानं थांबायचं आणि मागचा दिसल्याशिवाय हलायचं नाही. वेग ठरवायचा तो सर्वांत हळू माणसाच्या वेगावरून. हे रटाळ वाटतं, मान्य. ज्याला शर्यत करायची आहे त्याच्यासाठी वणी-यवतमाळ रस्ता मोकळा आहे.

एकत्र राहण्याचा फायदा किती, याचं उदाहरणही अमेरिकेतलंच. वॉशिंग्टन राज्यात फॉल सिटीजवळ १७ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच महिला सायकलस्वारांपैकी एकीवर प्यूमानं झडप घातली आणि तिचा जबडा धरला. बाकीच्या पळाल्या नाहीत. दगड, काठ्या, हाताला येईल ते घेऊन त्यांनी त्याला झोडपलं, मैत्रिणीला सोडवलं आणि सायकलच त्याच्या अंगावर दाबून धरून अधिकारी येईपर्यंत त्याला जमिनीला खिळवून ठेवलं. जखमी बाई वाचली. प्यूमा म्हणजे वाघ नव्हे आणि वाघावर सायकल दाबून धरण्याचा सल्ला मी कुणाला देणार नाही. पण तिथे ती एकटी असती तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

आता एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: गोखरू. पावसाळा सरला की पांदणीच्या कडेला हा वेल जमिनीसरसा पसरतो. त्याचं फळ हरभऱ्याएवढं, वाळलं की दगडासारखं टणक, आणि काटे असे की कसंही पडलं तरी एखादा टोक वर करून राहतो. टायरमध्ये तो शिरला की लगेच कळतही नाही. शंभर-दोनशे फुटांवर चाक जड लागतं, खाली बघावं तर पंक्चर. बाभळीचा काटा त्याहून लांब, तो ट्यूब आरपार जातो. अशा वेळी आपण काय करतो? सायकल उलटी करतो आणि तिच्याशेजारी उकिडवे बसतो. वाघाच्या हल्ल्यांत वाकून कापूस वेचणारी, बसून तेंदूपत्ता तोडणारी, शौचाला बसलेली माणसं पुन्हा पुन्हा दिसतात. उभा माणूस वाघाला उंच, अनोळखी वाटतो, बसलेला भक्ष्याच्या उंचीचा होतो. म्हणून झुडपात पंक्चर झालं तर तिथेच दुकान मांडू नये. सायकल ढकलत मोकळ्या शेतात यावं, एकानं काम करावं आणि बाकीच्यांनी पाठीला पाठ लावून, चौफेर बघत, गप्पा मारत उभं राहावं. त्याहून बरं म्हणजे घरूनच ट्यूबमध्ये भोक बुजवणारं द्रव भरून निघावं. या भागात तो खर्च वसूल होतो.

वाघ समोर आलाच तर पाठ फिरवून पेडल मारू नये. पळणाऱ्याच्या मागे धावणं ही शिकारी जनावराची खोडच आहे आणि ओबडधोबड वाटेवर सायकल वाघाला हरवत नाही. उतरावं, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरावी, सगळ्यांनी जवळ यावं, मोठ्यानं बोलावं आणि त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरकावं.

ऋतूचं म्हणाल तर पावसाळ्यात इथे माउंटन बाइकचं नावच काढू नये. काळी माती टायर आणि फोर्कच्या मध्ये अशी गच्च बसते की चाक फिरेनासं होतं आणि सायकल खांद्यावर येते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. उरतात दिवाळीनंतरचे तीन-चार महिने. त्यातही पहाटे आणि संध्याकाळी नव्हे. सायकलवाल्यांना पहाट प्रिय, वाघालाही. ऊन वर आल्यावर निघावं आणि दुपार कलायच्या आत डांबराला लागावं.

हेच दिवस कापूस वेचणीचेही. पांदण शेतकऱ्याची आहे, कपाशी भरलेली बंडी समोर आली तर पायउतार होऊन बाजूला उभं राहायचं. सुसाट येणाऱ्या दहा सायकलींनी बैल बुजले आणि बंडी उलटली तर तो दोष बैलांचा नाही. खाणीच्या हद्दीतही शिरू नये. उघड्या खाणीत सुरुंग उडतात, भूमिगत खाणीवरची जमीन खचू शकते आणि ढिगाऱ्यांची माती वरून घट्ट दिसली तरी आत पोकळ असते.

आणि परवानगी. अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. राखीव वनात विनापरवाना घुसणंही भारतीय वन अधिनियम, १९२७ला मंजूर नाही. वन परिक्षेत्र कार्यालयात आधी विचारावं, म्हणजे चांगली वाटही कळते. त्याहून आधी गावातल्या माणसाला विचारावं. मारेगाव-झरीकडच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, कोलाम माणसाला ताजा पगमार्क कुठे दिसला ते जितकं माहीत असतं, तितकं कुठल्याही मोबाइल नकाशाला नसतं. तो ‘आज नका जाऊ’ म्हणाला तर हेल्मेट काढून चहा प्यावा आणि परत फिरावं. सायकलीला मात्र एक जोरात वाजणारी घंटी बसवून घ्या, आणि वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक निघण्यापूर्वी गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.