गावाकडचे नेटवर्क : कंपनीचे नाव नको, टॉवर पाहा



आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांचे एक पाऊल उज्जैनमध्ये आणि दुसरे गावी असते. कोणाची शेती बडनगरकडे, कोणाचे जुने घर महिदपूरला, कोणाचे नातेवाईक तराना किंवा खाचरोदच्या बाजूला. मुले नोकरीनिमित्त इंदूर-पुण्याला आणि ज्येष्ठ मंडळी सोयाबीन-गव्हाच्या हंगामात गावी, असेही अनेक घरांत आहे. अशा घरांतून एक प्रश्न नेहमी विचारला जातो : गावाकडे कोणत्या कंपनीचे सिम चांगले?

या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही. आपला मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून दूरसंचाराचे एकच सर्कल आहे. एवढ्या मोठ्या भागात एखादी कंपनी पहिली असली, तरी आपल्या गावात ती पहिली असेलच असे नाही. गावातला फोन चालतो तो जवळच्या एक-दोन टॉवरवर. म्हणून कंपनीची जाहिरात बाजूला ठेवून आपल्या घरापर्यंत कोणाचा टॉवर पोहोचतो, हे पाहावे.

हा प्रश्न किरकोळ का नाही

पूर्वी नेटवर्क नसले तर गप्पा राहायच्या. आता बँकेचा ओटीपी, निवृत्तिवेतनाचा संदेश, गॅसची नोंदणी, डॉक्टरांना फोन, सगळे त्याच नंबरवर आहे. ओटीपी काही मिनिटेच चालतो. गच्चीवर जाऊन येईपर्यंत त्याची वेळ संपली, तर व्यवहार पुन्हा पहिल्यापासून. गावी एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी तर रात्री घराच्या आतून फोन लागणे, हीच खरी कसोटी आहे.

रेंज दिसते, पण फोन लागत नाही

यामागे तीन वेगवेगळी कारणे असतात.

पहिले अंतराचे. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झसारख्या कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात. १८०० किंवा २३०० च्या लहरी जास्त डेटा वाहतात, पण लवकर क्षीण होतात. जुन्या घरांच्या जाड भिंती आणि वर पत्रा असेल, तर अंगणातली रेंज माजघरात मिळत नाही.

दुसरे गर्दीचे. रेंज म्हणजे टॉवरपर्यंतचा रस्ता. त्या रस्त्यावर किती वाहने मावतील, हा निराळा हिशेब. श्रावणात महाकालाच्या सवारीच्या दिवशी भर शहरात दांड्या पूर्ण असूनही फोन अडखळतो, तो यामुळेच. २०२८ च्या सिंहस्थात याचा अनुभव सर्वांना येऊ शकतो.

तिसरे विजेचे. वीज गेली की टॉवर बॅटरीवर किंवा जनरेटरवर चालतो. ती सोय कमी पडली की नेटवर्कही जाते. म्हणून गावात चौकशी करताना "रेंज आहे का?" एवढेच विचारू नये. "वीज गेल्यावर किती वेळ टिकते?" हेही विचारावे.

हँडसेटही तपासा

अनेकदा दोष कंपनीचा नसून फोनचा असतो. जिओचे जाळे सुरुवातीपासून ४जीचे आहे. त्यावर जुना २जीचा बटणांचा फोन चालत नाही. बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचे देशव्यापी उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. त्यात ७०० मेगाहर्ट्झचाही वापर आहे, म्हणजे फोनमध्ये 'बँड २८' असेल तर त्याचा पूर्ण फायदा मिळतो. फोनच्या सेटिंगमध्ये व्होल्टे सुरू आहे ना, हेही पाहावे. घरात ब्रॉडबँड असेल तर 'वाय-फाय कॉलिंग' सुरू करावे. मग जाड भिंतींचा त्रास उरत नाही.

निवड कशी करावी

१. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो. तो पाहावा. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' संकेतस्थळावर आसपासचे टॉवरही दिसतात. पण नकाशा हा अंदाज असतो. घराच्या आतले तो सांगत नाही.

२. गावी जाताना वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेले फोन बरोबर न्यावेत. घरातल्यांची मिळून दोन-तीन तरी निघतात. स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि शेतातली विहीर, या तीन ठिकाणी सकाळी आणि रात्री कॉल लावून पाहावा.

३. दांड्यांपेक्षा आकडा बरा. अँड्रॉइड फोनमध्ये 'फोनविषयी' या भागात सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा असतो. ४जीवर तो उणे ९० च्या आसपास असेल तर चांगला, उणे ११० च्या पलीकडे गेला तर कमकुवत.

४. शक्य असेल तर दोन सिमचा फोन घ्यावा आणि दोन्ही सिम निरनिराळ्या कंपन्यांची ठेवावीत. सगळी ठेव एकाच ठिकाणी ठेवू नये, हा सल्ला येथेही लागू पडतो.

डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या टॉवरवर जानेवारी २०२५ पासून बीएसएनएल, एअरटेल आणि जिओचे ग्राहक एकमेकांचे ४जी वापरू शकतात. मात्र हे टॉवर मुख्यतः दुर्गम गावांसाठी आहेत. आपल्या गावात ही सोय असेलच असे धरून चालू नये. ११२ हा आणीबाणीचा नंबर आपल्या कंपनीची रेंज नसली तरी तेथे असलेल्या दुसऱ्या नेटवर्कवरून लागू शकतो. हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलताना

ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, एक जागा सोडून आपला दहा अंकी नंबर लिहावा आणि १९०० वर एसएमएस करावा. आठ अक्षरांचा कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत, पोस्टपेडचे बिल बाकी नसावे. हरवले वा बिघडले म्हणून सिम नुकतेच बदलले असेल, तर सात दिवस कोड मिळत नाही. सर्कलमधल्या सर्कलमध्ये बदल साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत होतो. मध्ये काही तास फोन बंद राहतो. त्या दिवशी बँकेचे काम ठेवू नये.

बँकेत जोडलेला नंबर अशा सिमवर असावा, ज्याची रेंज आपण जास्त दिवस राहतो त्या घरात मिळते. दुसरे सिम नुसते पडून राहू देऊ नये. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्या कोणाला मिळू शकतो, आणि आपल्या खात्याचे संदेश त्याच्याकडे जाऊ लागतात. डेटा नको असलेल्या ज्येष्ठांसाठी फक्त कॉल व एसएमएसचे रिचार्ज ठेवणे ट्रायने कंपन्यांना बंधनकारक केले आहे, आणि अशा रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार स्वतःहून सांगेलच असे नाही, आपण मागावे.

शेवटी एक सूचना. गावातली खरी माहिती गावात राहणाऱ्यांकडेच असते. प्रत्येकाने आपल्या गावाचे नाव, कोणते सिम घराच्या आत चालते आणि वीज गेल्यावर किती वेळ टिकते, एवढ्या तीन ओळी समाजाच्या कार्यालयात लिहून दिल्या, तर गावनिहाय यादी सहज तयार होईल. पुढच्या हंगामात आई-वडिलांना गावी पाठवताना ती अनेक घरांना उपयोगी पडेल.