पदवी स्तरावरील संगणकशास्त्राचे अध्यापन : आज्ञावली-लेखनापूर्वी आज्ञावली-वाचन

प्रस्तावना :
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांचा समावेश होतो. येथे संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. इंग्रजी पाठ्यपुस्तक, नवी संगणकीय भाषा आणि काटेकोर तर्क यांना त्यांना एकाच वेळी सामोरे जावे लागते. परिणामी आज्ञावली पाठ करून प्रात्यक्षिक वहीत उतरविण्याकडे कल वाढतो. वही पूर्ण होते. परंतु एक ओळ बदलली की तीच आज्ञावली अनोळखी वाटते. ‘हा विषय आपल्या आवाक्यातला नाही’ अशी समजूत पहिल्याच सत्रात दृढ होणे, ही यातील खरी हानी होय. प्रस्तुत लेखात यावरील काही अध्यापन पद्धतींचा विचार केला आहे.

समस्येचे स्वरूप :
अ = ५ व ब = ९ अशी मूल्ये असता ‘अ = ब’ आणि नंतर ‘ब = अ’ या दोन आज्ञा दिल्यास काय होईल? मूल्यांची अदलाबदल होईल, असे उत्तर नवशिक्या विद्यार्थ्यांकडून सहज येते. वस्तुतः दोन्ही चलांत ९ हेच मूल्य राहते. कारण पहिल्याच आज्ञेने ‘अ’मधील ५ पुसले जातात. बीजगणितातील समानतेचे चिन्ह येथे ‘उजवीकडील मूल्य डावीकडे ठेवा’ या अर्थाने येते. हा गैरसमज केवळ व्याख्यानाने उघड होत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याने आधी स्वतःचे उत्तर मांडावे लागते.

अध्यापन पद्धती :
१) विचार-जोडी-चर्चा : फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत विद्यार्थी प्रथम एकट्याने उत्तर लिहितो, नंतर शेजाऱ्याशी पडताळतो व शेवटी संपूर्ण वर्गात चर्चा होते. आय.आय.टी. मुंबई येथे साहना मूर्ती, श्रीधर अय्यर व सहकाऱ्यांनी प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक अभ्यासक्रमाच्या मोठ्या वर्गात ही पद्धती वापरली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कृतीत गुंतलेले आढळले. जोडीतील चर्चा मराठीत वा हिंदीत होऊ शकते, हा विदर्भातील वर्गांसाठी विशेष लाभ होय.

२) ओळींची जुळणी : डेल पार्सन्स व पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या या प्रकारात आज्ञावलीच्या ओळी विस्कळीत क्रमाने दिल्या जातात. वरील उदाहरणात ‘ब = त’, ‘त = अ’, ‘अ = ब’ या ओळींचा योग्य क्रम लावताना तात्पुरत्या चलाची गरज विद्यार्थ्यास स्वतःच उमगते. यासाठी फळा व कागद पुरेसे असल्याने प्रयोगशाळेतील संगणकांच्या अपुऱ्या संख्येची अडचण येत नाही.

३) मातृभाषेतील स्पष्टीकरण : आय.आय.टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात पडद्यावरील मजकूर इंग्रजीत राहतो व निवेदन मराठीसह विविध भारतीय भाषांत उपलब्ध होते. तांत्रिक संज्ञा इंग्रजीत व त्यामागील कारणमीमांसा मराठीत, हीच विभागणी वर्गातही करता येते.

मर्यादा :
या पद्धतींना वेळ लागतो. एका तासिकेत असे एक-दोनच प्रश्न घेता येतात व अभ्यासक्रम मागे पडण्याची चिंता प्राध्यापकांना वाटते. शिवाय वर्गातील सहभाग म्हणजे आकलन नव्हे. मूल्यमापन पाठांतरावरच आधारलेले राहिल्यास विद्यार्थी पुन्हा पाठांतराकडेच वळतील.

निष्कर्ष :
आज्ञावली लिहिण्यापूर्वी ती वाचता येणे व तिचा परिणाम आधी सांगता येणे, हा संगणकशास्त्राच्या अध्ययनाचा पाया आहे. प्रात्यक्षिकाच्या मौखिक परीक्षेत विद्यार्थ्याच्याच वहीतील एक ओळ बदलून ‘आता काय होईल?’ असे विचारल्यास नवी साधने वा वाढीव निधी लागत नाही. महाविद्यालयीन स्तरावर अंतर्गत मूल्यमापनात अशा प्रश्नांना निश्चित गुण दिल्यास वहीतील आज्ञावली विद्यार्थ्याची स्वतःची होईल.