गिटार घडवताना आलेला ताप

दिवाळीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रांग हटत नाही. बांध्यांमध्ये पाणी असते, डास असतात, गवतातले कीटकही असतात. हुडहुडी भरून ताप आला असे कोणी म्हटले की मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस ही नावे डोक्यात येतात आणि हात रक्ततपासणीच्या चिठ्ठीकडे जातो.

अशाच एका सकाळी बावीस-तेवीस वर्षांच्या एका तरुणाला त्याचे वडील घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) रात्री नऊच्या सुमारास थंडी वाजून १०२ अंश ताप, अंग ठणकलेले, कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखे. मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. पांढऱ्या पेशी मात्र वाढलेल्या होत्या. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता.

“काल काय काय केलंस?” मी विचारले.

“काही नाही जी, घरीच होतो.”

त्याच्या हातावर बारीक भाजल्याचे ठिपके होते आणि डोळे लालभडक. ते दाखवून पुन्हा विचारले, तेव्हा तो खाली पाहत म्हणाला, “गिटार बनवत होतो जी. बेस गिटार. लोखंडाची.”

“ऐका साहेब,” वडील वैतागून म्हणाले, “तीन दिवसांपासून कोठीचं दार लावून वेल्डिंग चालू आहे याचं.”

निदान त्या वाक्यात होते. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईचा हंगाम सुरू होतो. गावोगावी झाडीपट्टीची नाटके आणि दंडार होते, ऑर्केस्ट्रा लागतो. या मुलाला अशाच एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे होते. नवी बेस गिटार घेण्याइतके पैसे नव्हते. म्हणून त्याने मानेसाठी जीआयचा चौकोनी पाइप आणि बॉडीसाठी जुन्या कूलरचा पत्रा घेतला. दोन्ही वस्तू गंजू नयेत म्हणून त्यांवर जस्ताचा थर दिलेला असतो. घोटाळा तिथेच झाला.

जस्ताचा धूर

जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. लोखंड वितळायला सुमारे १५०० अंश लागतात. म्हणजे वेल्डिंगमध्ये लोखंड जोडले जाईपर्यंत त्यावरचे जस्त केव्हाच वाफ होऊन उडालेले असते. ही वाफ हवेत येताच तिचे झिंक ऑक्साइड होते. तोच तो पांढरा, दाट धूर. त्यातले कण इतके सूक्ष्म असतात की ते फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. तिथल्या संरक्षक पेशी चवताळतात आणि ताप आणणारी रसायने रक्तात सोडतात. यात जंतूंचा काही संबंध नसतो, त्यामुळे अँटिबायोटिकचाही उपयोग नसतो.

या आजाराला ‘मेटल फ्यूम फीव्हर’ म्हणजे धातूच्या धुराचा ताप म्हणतात. त्याची चाल फसवी आहे. काम करताना फारसे काही जाणवत नाही, फार तर तोंडाला गोडसर किंवा धातूसारखी चव येते. चार ते बारा तासांनी हुडहुडी भरते. एक-दोन दिवसांत ताप आपोआप उतरतो. दुपारचे काम आणि रात्रीचा ताप यांची सांगड त्यामुळे रुग्ण घालत नाही आणि डॉक्टरही विचारत नाही.

भंडारा पितळेसाठी ओळखला जातो आणि पितळ म्हणजे तांबे अधिक जस्त. पितळ ओतणाऱ्या कामगारांना होणाऱ्या या तापाचे वर्णन इंग्लंडमध्ये डॉ. ग्रीनहो यांनी १८६२ साली केले. त्यातली एक विचित्र गोष्ट म्हणजे रोज धुरात काम करणाऱ्याला काही दिवसांत त्याची सवय होते, पण एक-दोन दिवसांच्या सुट्टीत ती सवय मोडते आणि कामाच्या पहिल्याच दिवशी पुन्हा ताप येतो. म्हणून त्याला ‘सोमवारचा ताप’ असेही नाव पडले. सवय होणे म्हणजे धूर बाधेनासा होणे नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे.

आमच्या तरुणाचे डोळे लाल होते त्याचे कारण वेगळे. वेल्डिंगच्या ठिणगीतील अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतो. हेही काही तासांनी, बहुधा रात्री जाणवते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. साधा काळा चष्मा इथे कामाचा नाही. वेल्डिंगची काच असलेला हेल्मेटच हवा.

धातूचीच का?

बरे वाटल्यावर मी त्याला विचारले, “लाकडाची का नाही केलीस?” त्याचे उत्तर चोख होते, “लाकूड वाकते जी.”

मुलाचे खरे होते. बेस गिटारच्या चार तारा मिळून मानेला साधारण ७० किलोच्या वजनाइतक्या जोराने ओढतात, तेही चोवीस तास. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, उन्हाळ्यात सुकते आणि मान वाकते. म्हणूनच लाकडी मानेतही पोलादी सळई घालावी लागते. धातूची मान हा प्रश्नच मिटवते. शिवाय इलेक्ट्रिक गिटारला पोकळ पेटीची गरज नसते. पोलादी तार चुंबकावरच्या तांब्याच्या वेटोळ्याजवळ थरथरते, वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि अँप्लिफायर ती मोठी करतो. ही कल्पना नवीही नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत निघालेली रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ही सुरुवातीच्या इलेक्ट्रिक गिटारांपैकी एक, आणि ती अॅल्युमिनियमची ओतीव होती. १९७० च्या दशकात ट्रॅव्हिस बीन आणि क्रेमर यांनी अॅल्युमिनियमच्या मानेच्या बेस गिटारी विकल्या. त्यांची एक खोड होती. अॅल्युमिनियम तापले की पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे रंगमंचाच्या दिव्यांखाली सूर हलतो. दर दोन गाण्यांनंतर सूर तपासावा लागतो, इतकेच.

तापाशिवाय गिटार

मी त्याला गिटार सोडायला सांगितले नाही. वेल्डिंग सोडायला सांगितले. घरी असा प्रयोग करणाऱ्या सगळ्यांसाठी तोच सल्ला देतो.

मानेला जाड भिंतीचा अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप घ्यावा आणि बॉडीला तो नट-बोल्टने जोडावा. लोखंडाच्या तिपटीने हलके, शिवाय जाळायला जस्त नाही. बॉडी भरीव पितळेची किंवा लोखंडाची करू नये. नेहमीची बेस गिटार साधारण चार किलोची असते. नाटक रात्रभर चालते, आणि आठ-दहा किलोचे वाद्य एका खांद्यावर तेवढा वेळ पेलले तर मान आणि पाठ बोलू लागते. पट्टा रुंद असावा.

पडदे बसवायला गणित पुरते. वरच्या टोकापासून खालच्या घोडीपर्यंत तारेची लांबी सामान्यतः ८६४ मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागले की पहिला पडदा ४८.५ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागत जावे. बारावा पडदा बरोबर मध्यावर, ४३२ मिलिमीटरवर आला की हिशेब जुळला. धातूवर लाकडाची पातळ पट्टी इपॉक्सीने चिकटवून तिच्यात पडदे बसवता येतात.

विजेची काळजी सर्वांत महत्त्वाची. अशा वाद्याच्या तारा, मान आणि बॉडी सगळे अँप्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेले असते. गावातल्या मंडपात अर्थिंग नसेल किंवा वायर उलटसुलट जोडली असेल, तर वादकाच्या दोन्ही हातांत वीज उतरू शकते, आणि ओला माईक ओठाला लागला तर जिवावर बेतते. तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. तिसरी पिन कापून काम भागवू नये.

जस्ताच्या पाइपाला वेल्डिंग करणे भागच असेल तर उघड्यावर करावे. जोडाभोवतीचे जस्त आधी घासून काढावे, वारा बाजूने येईल असे बसावे, डोके धुराच्या वर नेऊ नये. वेल्डिंगच्या धुरासाठीचा मास्क वापरावा. रुमाल हे कण अडवत नाही. दूध पिऊन किंवा गूळ खाऊन धूर बाधत नाही हा समज चुकीचा आहे. ते पोटात जातात, धूर फुप्फुसात.

कधी घाबरावे?

जस्ताचा ताप आराम, पाणी आणि पॅरासिटामॉलवर बरा होतो. पण सोनेरी झाक असलेले काही जुने नट-बोल्ट आणि चांदीच्या डागाचे काही प्रकार यांत कॅडमियम असते. त्याच्या धुराने सुरुवातीला तसाच ताप येतो, मात्र दुसऱ्या दिवशी उतरण्याऐवजी दम वाढतो, फुप्फुसात पाणी होते आणि मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून धुरात काम केल्यावर धाप लागली, ओठ निळसर पडले किंवा दोन दिवसांत ताप उतरला नाही, तर रात्रीची वेळ असली तरी रुग्णालय गाठावे. आणि धुराचा ताप वाटला तरी आमच्या भागात मलेरियाची तपासणी टाळू नये. एकाच माणसाला दोन्ही होऊ शकतात.

इटलीतले डॉ. रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एक नवा घातला, “तू काम काय करतोस?” त्या सकाळी मी तो प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नसता, तर मुलगा औषधांची पिशवी घेऊन घरी गेला असता आणि आठवडाभरात पुन्हा त्याच बंद कोठीत बसला असता.

डॉक्टर घाईत असतात, मीही असतो. म्हणून आम्ही विचारले नाही तरी तुम्ही सांगा. काल हाताने काय केले, कशाचा धूर, कशाची धूळ, दार उघडे होते की बंद. छंदाचे काम म्हणजे ‘काही नाही’ नव्हे.

संध्याकाळपर्यंत त्याचा ताप उतरला. जाताना त्याने विचारले, “अॅल्युमिनियमचा पाइप कुठे मिळेल जी?” स्लायडिंगच्या खिडक्या बनवणाऱ्या दुकानांत, असे मी सांगितले. या वेळी वडिलांनीही ऐकून घेतले.