भिंतीवरची बुरशी रंगाने जात नाही

वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून किंवा गच्चीतून पाणी झिरपले की छताच्या कोपऱ्यात काळे-हिरवे ठिपके उमटतात. अनेक घरांत त्यांना ओलीचे डाग समजून दिवाळीच्या रंगकामात झाकले जाते. ही समजूत स्वाभाविक आहे, पण ते नुसते डाग नसतात. ती सजीव बुरशी असते. तिचे बीजाणू (नवी बुरशी उगवणारे, डोळ्यांना न दिसणारे कण) प्रत्येक घराच्या हवेत असतातच. भिजलेली जागा २४ ते ४८ तासांत वाळली नाही, तर ते तिथे रुजू लागतात.

लोणच्यात पाणी शिरले की वरचा बुरशीचा थर काढूनही तो पुन्हा धरतो. भिंतीचेही तसेच आहे. ब्लीचने ठिपके फिके होतात. प्लास्टरमधली ओल तशीच राहते. शिवाय मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी आणि दम्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून ती काढूनच टाकावी लागते.

आधी गळती बंद करा. मास्क आणि हातमोजे घालून भिंत साबणाच्या पाण्याने घासा. कोरडी खरवडू नका, बीजाणू घरभर उडतात. बुरशी निघाल्यावरच पंखे लावून भिंत वाळवा. मुसळधार पावसात खिडक्या उघडून उपयोग नाही, बाहेरची हवाच दमट असते. भिजून बुरशी धरलेली कापसाची गादी टाकून द्यावी, हेच बरे. रंग भिंत पूर्ण वाळल्यावरच. आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.