घरामागचे कागद – भाग ६ : जमीनमालकाने मागितलं म्हणून द्यायचं?

रहिमतपूर, कोरेगाव, मसूर या पट्ट्यातून मुंबईला गेलेली माणसं गिरणीत, गोदीत, धान्य-भाजीच्या बाजारात राबली आणि त्यांतल्या काहींनी पुढे नवी मुंबईत घर केलं. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींत सातारी बोली आजही कानावर पडते. कर्जाचे हप्ते फिटतात, मुलं आपापल्या वाटेला लागतात, ते घर विकून गावाकडे बांधायचं ठरतं, आणि तेव्हा कुठं लक्षात येतं की भिंती आपल्या असल्या तरी जमीन सिडकोची आहे. आपल्या हाती आहे तो साठ वर्षांचा भाडेपट्टा. विकायचं तर सिडकोची परवानगी लागते आणि परवानगीसाठी हस्तांतरण शुल्क भरावं लागतं.

शुल्काला विरोध नाही, पण ते मागेल तेवढं द्यायचं का? आणि हरकत घ्यायचीच तर ती कशावर घ्यायची? बहुतेक जण पहिला अर्ज लिहितात तो ‘रक्कम फार आहे, आम्ही गरीब आहोत’ असा. हा अर्ज सहसा टिकत नाही. का टिकत नाही, हे वांद्र्याच्या एका खटल्यात स्वच्छ दिसतं.

वांद्रे रेक्लमेशन भागात सरकारने १९५१ मध्ये तीस वर्षांच्या पट्ट्याने जमिनी दिल्या होत्या. त्यावर सोसायट्या उभ्या राहिल्या. १९८१ मध्ये मुदत संपली, तरी भाडं जुन्याच नाममात्र दराने चालू राहिलं. मग २०१२ आणि २०१८ च्या शासन निर्णयांनी ते रेडी रेकनरच्या दराशी जोडलं. रहिवासी उच्च न्यायालयात गेले. वाढ चारशे ते एकोणीसशे पट आहे, ही सरळ लूट आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आकडा ऐकून कुणाचाही जीव दडपेल. न्यायालयाने मात्र तीच रक्कम सदनिकांमध्ये वाटून पाहिली. घरटी महिन्याला दोन हजारांपासून सुमारे सहा हजारांपर्यंत भाडं निघालं. वांद्र्यासारख्या ठिकाणी याला जुलूम म्हणता येत नाही, असा निकाल न्या. कुलाबावाला आणि न्या. सुंदरेसन यांच्या खंडपीठाने सप्टेंबर २०२४ मध्ये दिला. मुळातलं भाडं काही पैशांवर अडकलेलं असेल तर पटींचा हिशेब भयंकरच दिसणार, यात न्यायालयाची चूक काय?

पण रहिवासी रिकाम्या हाताने परतले नाहीत. दर पाच वर्षांनी भाडं पुन्हा वाढवण्याची जी तरतूद २०१८ च्या निर्णयात होती, ती खंडपीठाने त्यांच्या पट्ट्यांपुरती उडवून लावली. पट्ट्याची मुदत चालू असताना सरकारला एकतर्फी भाडं वाढवता येणार नाही, असं ठरलं. म्हणजे ‘फार आहे’ हा मुद्दा हरला आणि ‘करारात असं म्हटलेलं नाही’ हा मुद्दा जिंकला.

जमीनमालक सरकारी असेल तर रहिवाशाच्या बाजूने आणखी एक गोष्ट असते. मुंबई बंदराच्या जमिनींवरचे भाडेकरू कित्येक वर्षं वाढीव भाड्याविरुद्ध लढले. सर्वोच्च न्यायालयाने द्वारकादास मर्फतिया (१९८९) आणि पुढे जमशेद होरमसजी वाडिया (२००४) या खटल्यांत एक मर्यादा आखून दिली. सार्वजनिक संस्थेला भाडं वाढवता येतं, पण तिचं वागणं रास्त हवं. खासगी जमीनमालकाचा हव्यास तिला शोभत नाही. इंग्लंडमध्ये पट्ट्यावरच्या फ्लॅटांना हे संरक्षण थेट कायद्यानेच दिलं आहे. तिथल्या १९८५ च्या कायद्यानुसार सेवाशुल्क रास्त असेल तेवढंच वसूल होतं. मोठ्या दुरुस्तीसाठी एका घराकडून अडीचशे पौंडांहून जास्त घ्यायचे असतील तर आधी विचारविनिमय करावा लागतो, आणि वाद न्यायाधिकरणाकडे नेता येतो. तिकडे घर घेतलेल्या आपल्या मुलींना आणि जावयांना हे सांगायला हरकत नाही.

आता घराजवळ या. पुण्या-मुंबईत किंवा खुद्द रहिमतपुरात फ्लॅट असेल तर मागणी बहुतेकदा सोसायटीकडून येते. विक्रीच्या वेळी ‘ट्रान्सफर प्रीमियम’ आणि घर भाड्याने दिलं तर ‘नॉन-ऑक्युपन्सी’. दोन्हींना २००१ पासून सरकारी मर्यादा आहे. प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये, ‘अ’ वर्ग नगरपालिकेत २०,०००, ‘ब’ वर्गात १५,०००, ‘क’ वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायतीत ५,००० रुपये. रहिमतपूर नगरपालिका ‘क’ वर्गातली, तेव्हा इथल्या सोसायटीला दहा हजारांपलीकडे जाता येत नाही. देणगी, विकास निधी, रंगकाम अशी नावं देऊनही नाही. घर वारसाच्या किंवा नामनिर्देशिताच्या नावावर होत असेल तर प्रीमियम लागतच नाही. नॉन-ऑक्युपन्सी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त नको. पालिकेचे कर त्या हिशेबात धरायचे नाहीत. आई-वडील, भावंडं, मुलगा, मुलगी, जावई किंवा नातवंडं राहत असतील तर हे शुल्कच लागत नाही. मुंबईच्या मॉन्ट ब्लँक सोसायटीने या दहा टक्क्यांना आव्हान दिलं, पण उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सरकारची मर्यादा कायम ठेवली.

तेव्हा मागणीपत्र हातात पडलं की पहिला प्रश्न लेखी विचारावा : ही रक्कम कोणत्या कलमाखाली, कोणत्या शासन निर्णयाप्रमाणे, कशी मोजली? पट्ट्याची मूळ प्रत काढून मुदत, भाडेवाढ आणि हस्तांतरण ही तीन कलमं शांतपणे वाचावीत. व्यवहार अडला असेल तर पैसे भरावेत, पण पावतीसोबतच्या पत्रात ‘हरकत राखून भरत आहे’ असं लिहावं. सोसायटीबाबतची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे जाते. ते कार्यालय रहिमतपूरकरांसाठी कोरेगावला आहे. तिथे मिटलं नाही तर सहकार न्यायालय आहे. मधल्या काळात वाद नसलेला मेंटेनन्स मात्र वेळेवर भरत राहावा. रागाच्या भरात सगळंच थांबवणाऱ्या सभासदाविरुद्ध सोसायटी थकबाकीचा वसुली दाखला मिळवते आणि तक्रारदारच कसूरदार ठरतो.

पुढच्या आठवड्यात : बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नसेल तर मानीव अभिहस्तांतरण कसं मिळवायचं.