निवडीनंतरची पाच वर्षं

अमेरिकेत बाल्टिमोर शहराला लागून यूएमबीसी नावाचं एक सरकारी विद्यापीठ आहे. हार्वर्ड-एमआयटीच्या पंगतीत त्याचं नाव कुणी घेत नाही. तरीही कृष्णवर्णीय विद्यार्थी विज्ञान आणि अभियांत्रिकीत पीएच.डी.पर्यंत का पोहोचत नाहीत, या जुन्या प्रश्नाचं मला सर्वांत पटलेलं उत्तर तिथलं आहे. गणित शिकलेले प्रशासक फ्रीमन ह्राबॉव्स्की यांनी १९८८ मध्ये मायरहॉफ दांपत्याच्या देणगीतून तिथे एक शिष्यवृत्ती योजना उभी केली. पुढच्या वर्षीच्या पहिल्या तुकडीत १९ कृष्णवर्णीय तरुण होते, त्यानंतरच्या वर्षी मुलीही आल्या. शाळेत उत्तम गुण मिळवलेली ही मुलं. अशीच मुलं एरवी पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रात आणि कॅल्क्युलसमध्ये गळायची, आणि त्यांचा पायाच कच्चा होता असं म्हणून प्राध्यापक मोकळे व्हायचे. मायरहॉफमध्ये त्यांना वर्ग सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात सहा आठवडे एकत्र राहायला बोलावलं जातं. एकट्यानं रात्री जागून रेटायची सवय मोडून गटानं अभ्यास करायला शिकवलं जातं. सुट्टीत त्यांना खऱ्या प्रयोगशाळेत काम मिळतं, सल्लागार त्यांचा पिच्छा सोडत नाहीत आणि पीएच.डी. हा शब्द पहिल्या दिवसापासून कानावर पडत राहतो. मॉडर्नाच्या कोविड लशीमागच्या संशोधनात मोठा वाटा असलेल्या किझमेकिया कॉर्बेट याच योजनेतून पुढे गेल्या.

एका यशस्वी नावावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण इथे तुलनेला एक गट आयता मिळाला. निवड होऊनही योजना नाकारून दुसऱ्या विद्यापीठांत गेलेली मुलं दरवर्षी असतात. गुण तेच, हुशारी तीच, निवडणारेही तेच. या गटाच्या तुलनेत मायरहॉफची मुलं विज्ञान-अभियांत्रिकीच्या पीएच.डी.कडे वळण्याचं प्रमाण सुमारे पाचपट आढळलं. म्हणजे फरक पडला तो प्रवेशानंतर संस्थेनं जे केलं त्यानं. नाकारणाऱ्यांचा कलच कदाचित वेगळा असेल, ही शंका रास्त आहे. योजना ह्राबॉव्स्कींच्या एकट्याच्या धडपडीवर चालत असेल, हीसुद्धा. म्हणून पेन स्टेट आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिल विद्यापीठांनी तिची हुबेहूब उभारणी केली तेव्हा काय झालं ते महत्त्वाचं. माणसं वेगळी, विद्यापीठाचा आकार वेगळा, पण सुरुवातीचे निकाल त्याच तोडीचे निघाले.

आता गुणवत्तेचा मुद्दा, कारण सगळी खरी भीती तिथेच आहे. अमेरिकेत पीएच.डी.ची निवड वर्षानुवर्षं जीआरई या परीक्षेच्या आधारानं झाली. व्हँडरबिल्ट विद्यापीठानं आपल्या जीववैद्यक शाखेच्या शेकडो विद्यार्थ्यांचे गुण पुढच्या कामगिरीशी ताडून पाहिले आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. पहिल्या सत्रातल्या गुणांचा थोडा अंदाज जीआरईवरून येत होता. पीएच.डी. पूर्ण कोण करील, किती वर्षांत करील, शोधनिबंध किती लिहील, यांचा अंदाज मात्र येत नव्हता. यावर जाणकारांचा आक्षेप असा, की फार कमी गुणांचे विद्यार्थी मुळात घेतलेच नव्हते, मग त्यांच्याबद्दल या आकड्यांवरून काय बोलणार? आक्षेप बरोबर आहे, आणि परीक्षा टाकाऊ आहे असं मी म्हणतही नाही. पण प्रवेशाच्या उंबरठ्यावर पाच-दहा गुणांच्या फरकानं एकाला आत आणि दुसऱ्याला बाहेर ठेवताना आपण संशोधनाची कुवत मोजतो आहोत, हा दावा टिकत नाही. त्याच शहरात, नॅशव्हिलमध्ये, २००४ पासून फिस्क या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठातून एम.ए. करून व्हँडरबिल्टमध्ये पीएच.डी.ला जाण्याचा सेतू आहे. त्या मधल्या काळात विद्यार्थी प्रयोगशाळेत काम करतो आणि भावी मार्गदर्शक ते बघतो. काही तासांच्या परीक्षेपेक्षा ही कसोटी कडक आहे, सैल नव्हे.

हे सारं आपल्याला जवळचं वाटायला हवं. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना नाकारलं. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर परीक्षाधीन ठेवण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. तिथून त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या. त्यांचं काम पाहूनच रामन यांचं मत बदललं. पण दार उघडायला एका मुलीला इतकं झगडावं लागलं, याचा अर्थ न झगडता परतलेल्या किती, ते आपल्याला कधीच कळणार नाही.

आज केंद्रीय संस्थांत दार कायद्यानं उघडं आहे: अनुसूचित जातींसाठी १५ टक्के, जमातींसाठी साडेसात. तरी २०१५ ते २०१९ या काळात आयआयटींमधल्या पीएच.डी. प्रवेशांत त्यांचं प्रमाण अनुक्रमे ९.१ आणि २.१ टक्केच होतं. यावर नेहमीचं उत्तर असतं: लायक उमेदवार मिळत नाहीत, आधी शाळा सुधारा. शाळा सुधारल्याच पाहिजेत, पण त्याला एक पिढी लागेल, आणि एम.एस्सी. होऊन आज दाराशी उभी असलेली मुलगी तोवर थांबू शकत नाही. मायरहॉफनं अमेरिकी शाळा सुधारण्याची वाट पाहिली नव्हती. १९९६ पासून ही योजना सगळ्या वर्णांच्या विद्यार्थ्यांना खुली आहे, तरी तिचा मूळ हेतू हरवला नाही. आरक्षण काढून तिथे अशी योजना आणा, असा याचा अर्थ कुणी लावू नये. जागा राखीव नसतील तर आधार द्यायला समोर माणूसच नसेल. माझं म्हणणं जागेच्या पुढचं आहे. घरात पहिल्यांदाच पदवी मिळवलेल्या मुलाला गाइड कसा निवडावा हे सांगणारं कुणी नसतं. सेमिनारमध्ये इंग्रजीत अडखळलं की विषयच येत नाही असा शिक्का बसतो. फेलोशिपचे पैसे महिनोन् महिने अडकले की भाड्यासाठी शिकवण्या घ्याव्या लागतात, आणि प्रयोग मागे पडतो. यातल्या एकाही अडचणीचा बुद्धीशी संबंध नाही, आणि प्रत्येकीवर उपाय करणं संस्थेच्या हातात आहे. प्रवेशाआधीचे दोन उन्हाळे प्रयोगशाळेत, पहिल्या वर्षी गाइडखेरीज आणखी एक सल्लागार, ठरल्या तारखेला फेलोशिप. आणि दरवर्षी एक तक्ता जाहीर करावा: किती विद्यार्थी आले एवढाच नको, कुठल्या वर्षी किती सोडून गेले आणि त्यांचा गाइड कोणत्या विभागातला होता, हेही त्यात असावं.