खातं बंद केलं, तरी जुना पासवर्ड चालतोय?

समजा, आमगावच्या कार्यालयातला कर्मचारी बदलून गोंदियाला गेला. तुम्ही डेटाबेसमध्ये त्याचं खातं बंद केलंत, तरी लॉगिन होतंय! कारण जेबॉससारखा जावाचा सर्व्हर दरवेळी डेटाबेसला विचारेलच असं नाही. एकदा तपासलेली ओळख तो काही काळ मेमरीत, म्हणजे कॅशेमध्ये, जपून ठेवतो. जुन्या जेबॉस ४ मध्ये ही मुदत मुळातच १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास होती.

त्यासाठी सर्व्हर बंद-चालू करू नका, सगळ्यांचं काम अडतं. जेबॉस ७ पासून जुन्या सुरक्षा व्यवस्थेत कमांड लाइनवरून तुमच्या ॲपच्या सिक्युरिटी डोमेनवर ‘फ्लश-कॅशे’ चालवा. वापरकर्त्याचं नाव दिलं तर तेवढीच नोंद पुसली जाते. जेबॉसचंच पुढचं रूप असलेल्या वाइल्डफ्लायमध्ये आवृत्ती २५ पासून ही जुनी व्यवस्थाच काढून टाकली आहे. तिथं एलिट्रॉन या नव्या सुरक्षा व्यवस्थेच्या कॅशिंग रेल्मवर ‘क्लिअर-कॅशे’ वापरायचं.

आणि हे हमखास राहून जातं: कॅशे पुसला तरी आधीच उघडलेलं सेशन तसंच राहतं. ते वेगळं बंद करा.